भंडाऱ्याचं ताट

खडीच्या ढिगावर बसलं की ऊन आधी पाठीला लागायचं आणि मग मांडीखालच्या दगडातून वर चढायचं. आश्रुबाने डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. दगड त्या बोटांत धरायचा, उजव्या हाताने हातोडी घालायची, दगडाचे दोन झाले की दोनाचे चार करायचे. बाहत्तर साल कोरडं गेलं होतं आणि त्र्याहत्तरचा फाल्गुन लागला होता. चौसाळ्याहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या सडकेला टाकळवाडीचं सगळं गाव असं ओळीने उकिडवं बसलं होतं. ठक ठक आवाज दिवसभर चालायचा. आश्रुबाला तो टाळांसारखा वाटायचा. सत्तरीला टेकलेला माणूस, चाळीस वर्षं मारुतीच्या देवळात गळ्यात वीणा घेऊन उभा राहिलेला. कान सगळ्यात ताल शोधायचे.

शेजारी सून गीताबाई पाटीत खडी भरत होती. मुलगा अर्जुन पश्चिमेकडच्या कारखान्यावर ऊस तोडायला गेला होता. घरात म्हातारा, सून आणि चौथीतली नात कडूबाई, एवढीच माणसं.

सडकेवरून सायकल हातात धरून गहिनीनाथ गुरुजी आले. चार वर्गांना मिळून ते एकच शिक्षक. ट्यूब फुटली होती, म्हणून ते चालत आले होते. ढिगाशी येऊन त्यांनी टोपी काढली आणि घाम पुसला.

"बाबा, तुमच्याकडंच आलो. सोमवारी शाळेत या. निवडणूक घ्यायचीय."

"कशाची?"

"पाण्याच्या पिंपाची. पोरांना ओगराळ्यानं पाणी कुणी वाढायचं, ते पोरांनीच ठरवायचं. पुस्तकात धडा हाय निवडणुकीचा. नुसता वाचून काय कळतंय? मतदारयादी केली, चिठ्ठ्या केल्या, पेटी केली. आता केंद्राध्यक्ष पाहिजे."

"म्हंजी मी काय करायचं?"

"पेटीपाशी बसायचं. कुणाला आडवायचं न्हाई, कुणाला सांगायचं न्हाई. गावात तुमच्या शब्दावर कुणी संशय घेत न्हाई, म्हणून तुमीच पाहिजे."

आश्रुबाने सुनेकडे पाहिलं. गीताबाईने पदराने तोंड पुसलं. "मामा, एक हाजरी जाईल. जाऊ द्या. पोरांचं काम हाय."

आपल्या शब्दावर कुणी संशय घेत नाही, हे आश्रुबाला ठाऊक होतं. गावच्या सेवा सोसायटीत अकरा वर्षं निवडणूक झाली नव्हती. निवडणूक लागली की चेअरमन विठ्ठलराव सगळ्या सभासदांना महादेवाच्या देवळात बोलवायचे. आश्रुबा घरून पितळी ताट आणायचा. त्यात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. एकेक जण पुढे यायचा, पान आणि चिमूटभर भंडारा उचलायचा, आणि आश्रुबा सांगायचा, "महादेवाच्या साक्षीनं. शब्द मोडला तर डोळे जातील." मग विरोधातला जो कोणी असेल तो खाली मान घालून अर्ज काढून घ्यायचा. मतपेटी बीडहून यायची आणि तशीच सील न लागता परत जायची. आश्रुबाला यात कधी काही खटकलं नव्हतं. गावात भांडण नको, देवासमोर एक शब्द झाला की झालं, असं त्याला मनापासून वाटायचं. या वर्षीही महिनाभराने सोसायटीची निवडणूक होती.

*

शाळेच्या पिंपाची गोष्ट कडू घरी रोज सांगायची. टँकर एक दिवसाआड यायचा. गावच्या विहिरीत पाणी सोडायच्या आधी तो शाळेचं एक पिंप भरून द्यायचा. ही सोय विठ्ठलरावांनी केली होती. तहसीलला चार खेपा घालून, एकदा तिथल्या व्हरांड्यात झोपून. म्हणून पिंपाचं ओगराळं आपोआप त्यांच्या मुलाकडे आलं होतं. प्रल्हाद त्याचं नाव, चौथीत होता. तो आपल्या चार दोस्तांना करवंटी काठोकाठ भरून द्यायचा. बाकीच्यांना अर्धी. सगळ्यांत शेवटी सलिमा. तिच्या ओंजळीत तो वरून, हात लांब करून ओतायचा. निम्मं पाणी मातीत जायचं. माती ते एवढ्या झटक्यात प्यायची की ओलसुद्धा दिसायची नाही.

सलिमा इंजिनवाल्या रहमतुल्लाची मुलगी. गावातली ऑइल इंजिनं तोच दुरुस्त करायचा. आता विहिरीच कोरड्या, तर इंजिनं झाकून पडली होती आणि तोही खडी फोडायला यायचा. सलिमा आणि कडू एका फळीवर बसायच्या. एक पाटी, दोघींत एक पेन्सिल.

शुक्रवारी गुरुजींनी विचारलं होतं, "उभं कोण राहणार?" प्रल्हाद बसल्या जागीच उभा राहिला. मग बराच वेळ कुणीच नाही. आणि मग सलिमा. कडूच्या मांडीला तिची मांडी लागलेली होती. ती थरथरत होती, हे कडूला कळलं.

"भाषण करा," गुरुजी म्हणाले.

प्रल्हाद म्हणाला, "माज्या बापाच्या शब्दावर टँकर येतो. ध्यानात ठेवा."

सलिमा खिशातून खिळा काढून म्हणाली, "मी करवंटीला आतून या खिळ्यानं रेघ मारीन. रेघंपर्यंत सगळ्यांना. मला बी."

एवढंच बोलून ती खाली बसली.

मग गुरुजींनी पोरांना कामाला लावलं. पाच पोरांनी पाठकोऱ्या कागदावर मतदारयादी लिहिली, एकोणतीस नावं. प्रत्येकाने आपलं नाव नीट लिहिलंय का ते बघून घेतलं. चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येक चिठ्ठीवर दोन चित्रं काढली. प्रल्हादची खूण घागर, सलिमाची करवंटी. पेटीला वनस्पती तुपाचा डबा प्रल्हादच्याच घरून आला. ठसा उमटवायला सलिमाच्या आईने, चाँदबीने, शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ दिलं. ते शाईत बुडवून टेकवलं की निळं गोल उमटायचं. आणि आडोशाला पडदा पाहिजे होता. तो कडूने कबूल केला. आजीचं हिरवं लुगडं. आजी, बायनाबाई, जाऊन तीन वर्षं झाली होती.

*

शनिवारी शाळा सकाळची. आश्रुबा कामावरून घरी आला तेव्हा दिवस कलला होता. हात धुवायला पाणी नव्हतं. त्याने राखेने हात चोळले, झटकले आणि देवळीकडे बघून हात जोडले. जोडले आणि तसाच राहिला. देवळीतलं ताट उलटं ठेवलेलं होतं. बायनाबाईने माहेरून आणलेलं ते ताट तो कधी उलटं ठेवत नसे. त्याने ते हातात घेतलं. काठाच्या आतल्या पन्हाळीत ताजा भंडारा अडकला होता.

"कडे."

कडू चुलीपुढे बसली होती. उजवा हात परकराखाली लपवलेला.

"ताट कुणी घेतलतं?"

"मी."

"कावून?"

"प्रल्हाद मागायला आला. म्हणला, तुज्या आबाचंच ताट पाहिजे. दुसऱ्या ताटाचा भंडारा लागत न्हाई म्हनं."

गीताबाई भाकरी थापायची थांबली.

कडूने हात बाहेर काढला. तळवा पिवळाजर्द होता. महादेवाच्या मागे बेलाखाली सगळी पोरं जमली होती. प्रल्हादने ताट धरलं होतं. एकेकाला पुढे घेऊन त्याने अगदी आश्रुबासारखंच म्हटलं होतं. आवाजसुद्धा जाड करून. महादेवाच्या साक्षीनं, घागरीवर ठसा मारीन. शब्द मोडला तर डोळे जातील.

"तू उचललास?"

"सगळ्यांनी उचलला. न्हाई उचलला तर म्हणला, टँकरवाल्याला सांगतो." मग बारीक आवाजात, "आबा, घासलं तरी जाईना."

"हळद हाय ती. जाईल."

"आबा, सलिमाला मत दिलं तर माजे डोळे जातील का?"

अकरा वर्षं आश्रुबाने ही गोष्ट मोठ्या माणसांना सांगितली होती. ती माणसं मान खाली घालायची. त्याला ती भक्ती वाटायची. आता दहा वर्षांची पोर त्याच्याकडे वर बघत होती. चुलीचा उजेड तिच्या दोन्ही डोळ्यांत होता. होय म्हणावं तर पोरीचं काळीज फाटेल. नाही म्हणावं तर अकरा वर्षं देवाच्या दारात आपण काय बोललो?

"जेव," तो म्हणाला.

कडू डाव्या हाताने जेवायला लागली. गीताबाईने तिच्या हातावर हलकी चापट मारली, पण उजव्या हाताने जेव असं काही तिला म्हणवलं नाही. तिने स्वतःच घास करून पोरीला भरवला.

*

रविवारी एकादशी होती. दिवस मावळताना मारुतीच्या देवळात कीर्तन उभं राहिलं. नारायणगडाकडचे बुवा आले होते, पायी. माणसं खडीवरून थेट आलेली, अंगावर पांढरी धूळ, केसांत धूळ, भुवयांत धूळ. सगळे एकाच रंगाचे दिसत होते. टाळ धरायला बोटं वळत नव्हती. पखवाजाला लावायला कणीक नव्हती, म्हणून राख ओली करून लावली होती आणि तो घसा बसल्यासारखा बोलत होता. तरी पहिला ठेका पडला आणि सगळ्यांच्या माना आपसूक हलल्या. भुकेल्या माणसांच्या अंगात हे कुठून येतं, याचा आश्रुबाला दर वेळी नव्याने अचंबा वाटायचा.

तो वीणा घेऊन बुवांच्या मागे उभा होता. वीणेकरी खाली बसत नाही आणि वीणा जमिनीला टेकवत नाही. पाय दुखत होते, पण आज त्याचं लक्ष पायांकडे नव्हतं.

बुवा फार मोठ्याने बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "मायबाप, आपण देवाला लई कामं सांगतो. ह्याच्यावर नजर ठेव, त्याला शिक्षा कर. देव काय फौजदार हाय का? तो तुमच्या माझ्या आत बसलाय. आतलं सगळं त्याला ठाऊक. आजवर त्यानं एकाचं तरी दुसऱ्याला जाऊन सांगितलं का?"

माणसं हसली. बुवा हसले नाहीत. "तो ऐकतो आणि पोटात ठेवतो. म्हणून तर तो देव. आणि आपण? आपण त्याच्या नावावर माणसाला भेव घालतो."

आश्रुबाच्या बोटाखाली वीणेची तार एकदम सुरात लागली. पुढचं त्याला काही ऐकू आलं नाही. समोर बायकांत कडू गीताबाईला टेकून बसली होती. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. ती वाजवत नव्हती. तिची उजवी मूठ मिटलेली होती.

*

सोमवारी शाळेत आश्रुबा आला तो ताट घेऊनच. वर धोतराचा धुतलेला सोगा झाकलेला. धुतलेला म्हणजे आठवड्यापूर्वीचा.

कोपऱ्यात दोन खिळ्यांना दोरी बांधून बायनाबाईचं लुगडं टांगलं होतं. मागे एक स्टूल, त्यावर शाईची दौत आणि रीळ. दारापाशी डबा, त्याला वर चीर पाडलेली. पोरं रांगेत उभी होती. एरवी ज्या पोरांना गप्प करायला छडी आपटावी लागायची, ती आज आपण होऊन गप्प होती. गुरुजींनी डबा उघडून सगळ्यांना आतून दाखवला, रिकामा आहे म्हणून. मग झाकण लावून त्यावर कागद चिकटवला आणि त्यावर सही केली.

"केंद्राध्यक्ष, सुरू करू का?"

"जरा थांबा, गुरुजी."

आश्रुबा भिंतीला टेकून खाली बसला. मांडीवरच्या ताटावरचा सोगा काढला. बेल होता, भंडारा होता. रांगेतून एक हलकी हालचाल गेली. दोनतीन पोरांनी हात पाठीमागे नेले. प्रल्हाद पुढे बघत होता.

"तुमी शनवारी ह्याच ताटातला भंडारा उचलला," आश्रुबा म्हणाला. "प्रल्हादची चूक न्हाई. त्यानं मोठ्यांचं पाहिलं. माजं पाहिलं. ताट माजं हाय. शब्द मोडला तर डोळे जातील, हे बी मीच सांगत आलो. देवानं मला तसं कधी सांगितलं न्हवतं." त्याने ताट पुढे केलं. "आता ज्यानं उचलला त्यानं परत द्यायचा. चिमूट घ्यायची आणि हितं लावायची."

त्याने पागोटं काढलं आणि कपाळावर, दोन्ही डोळ्यांच्या वर, बोट ठेवलं.

"तुमचा शब्द माज्याकडं आला. डोळे जायचे तर माजे जातील. माजं बघून झालंय."

गुरुजींनी यादी मिटून काखेत धरली.

पहिलं कोण येणार ते कुणालाच कळेना. मग दुसरीतला एक शेंबडा पोरगा पुढे आला. त्याने चिमूट घेतली आणि आश्रुबाच्या डाव्या भुवईवर दाबली. मग रांगच लागली. कुणाची बोटं गरम, कुणाची खरखरीत, दगड वेचून फुटलेली. कुणी हळूच लावलं, कुणी एवढं जोरात की डोकं भिंतीला लागलं. भंडारा पापण्यांवर सांडला, मिशांत उतरला. आश्रुबाने डोळे मिटले नव्हते. एकेक तोंड त्याला अगदी जवळून दिसत होतं. कुणाच्या दातात फट, कुणाच्या ओठाला भेग. आजवर देवळात त्याने हीच हळद वाटली होती, पण घेणाऱ्याच्या तोंडाकडे असं कधी बघितलं नव्हतं.

कडू आली. तिने बराच वेळ चिमूट धरून ठेवली.

"आबा, खरंच जातील का?"

"लाव तू."

तिने लावली. मग परकराला हात पुसून पुन्हा रांगेत गेली.

शेवटी प्रल्हाद. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मी बी उचललता," तो म्हणाला, आणि पटकन लावून निघून गेला.

मग मतदान झालं. गुरुजी नाव पुकारायचे, यादीत खूण करायचे, बोटाला शाईचा ठिपका लावायचे आणि चिठ्ठी द्यायचे. ते एकटं पोर लुगड्यामागे जायचं. लुगड्याखालून नुसते पाय दिसायचे. धुळीने भरलेले, टाचा फाटलेले. काही पाय लगेच वळायचे, काही थांबायचे. एक जोडी तर एवढा वेळ थांबली की मागची पोरं चुळबुळायला लागली.

"गुरुजी, ती झोपली काय आत?"

"गप्प. तिचा वेळ हाय तो."

आश्रुबा डब्यापाशी बसून ते पाय बघत होता. गाभाऱ्याला पडदा लागतो तेव्हा आत देव आणि पुजारी काय करतात, ते बाहेर कुणाला दिसत नाही. इथे पडद्याआड पुजारी नव्हता, चेअरमन नव्हता, ताट धरलेला आश्रुबा नव्हता. सहा वर्षांचं लेकरू होतं आणि त्याच्या आत जो कोणी बसलाय तो होता. एवढ्याशा लेकराला एवढी मोठी जागा कुणी दिली? आश्रुबाचे हात आपोआप डब्यावर जोडले गेले.

"आबा, हात काढा, चिठ्ठी टाकायचीय," एक पोर म्हणालं. त्याने घाईने हात काढले.

प्रत्येक घडी केलेला कागद डब्यात पडताना बारीक आवाज यायचा. आश्रुबाने तो एकोणतीस वेळा ऐकला.

मोजणीला पोरं गोल करून बसली. गुरुजी चिठ्ठी उघडायचे, सगळ्यांना दाखवायचे. कडूच्या हातात खडू होता, ती फळ्यावर रेघा मारत होती. करवंटी. घागर. घागर. करवंटी. एका चिठ्ठीवर दोन्ही चित्रांवर निळं गोल होतं.

"हे बाद," गुरुजी म्हणाले.

"कुणाचं हाय?" पोरं हसायला लागली. "कुणी मारलं बे दोन?"

"ते कुणी विचारायचं न्हाई. मी बी न्हाई विचारणार."

आश्रुबाने फळ्याकडे पाहिलं. कडूची पाठ त्याच्याकडे होती. खडू फळ्याला टेकलेला, हात न हलणारा. त्याला एकदा वाटलं, आपल्याला कळलं. मग लगेच वाटलं, नाही, आपल्याला कळायचं काम नाही. देवाला ठाऊक आहे, आणि तो सांगणार नाही.

घागरीला बारा. करवंटीला सोळा. एक बाद.

प्रल्हादने फळ्यावरच्या रेघा बोटाने दोनदा मोजल्या. मग पिंपाकडे गेला, ओगराळं उचललं, आणि सलिमापुढे धरलं. लांबून नाही, हातात. सलिमाने दोन्ही हातांनी घेतलं. तिच्या तळव्यावरही उरलीसुरली हळद होती. तिनेसुद्धा शनिवारी घागरीसाठी भंडारा उचलला होता. कुणालाच त्यात काही चमत्कारिक वाटलं नव्हतं.

*

मंगळवारी टँकरचा दिवस. पोरांना वर्गात बसवेना. टँकर आला तेव्हा सगळी शाळा पिंपाभोवती उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. आश्रुबाही जेवायच्या सुट्टीत खडीवरून आला होता. ड्रायव्हर फकीर खाली उतरला, नळीला फडकं बांधलं आणि पोरांची तोंडं बघितली.

"काय झालं? कोण मेलं का?"

"शाळेला पाणी मिळंल का?" कडूने विचारलं.

"का न मिळंल? माज्या कागदावर लिहिलंय. शाळा, एक पिंप." त्याने नळी आत सोडली. "चेअरमन म्हणले व्हते सकाळी, पिंप भरून दे, नेमानं दे. पोराला मार बी दिला म्हनं एक. ताट उचललं म्हणून न्हवं, हरला म्हणून."

पोरं हसली. प्रल्हादही थोडं हसला.

पिंप भरलं. फडक्यातून पाणी गाळलं तरी वर धूळ बसत होती. झाकण नव्हतं. आश्रुबाने सोग्यातून ताट काढलं. पितळ चकचकीत घासलेलं होतं, पन्हाळीतसुद्धा हळदीचा कण नव्हता. त्याने ते पिंपावर ठेवलं. बरोबर बसलं, काठाला काठ.

सलिमाने ताट सरकवलं, करवंटीत ओतलं. आत खिळ्याची रेघ होती. पाणी रेघेला लागलं की ती थांबायची, डोळा जवळ नेऊन बघायची. प्रल्हाद रांगेत चौथा होता.

"लई न्हाई दिलं," तो म्हणाला.

"रेघ बघ."

त्याने बघितली, आणि प्यायला.

"बाबा, तुमी बी," सलिमा म्हणाली.

आश्रुबाने करवंटी घेतली. एकादशीनंतर पारण्याचं पहिलं पाणी प्यावं तसं थांबत थांबत तो प्यायला.

*

पुढच्या आठवड्यात विठ्ठलराव खडीवर आले. उभट अंगाचा माणूस, पांढरा सदरा, पण चपलेचा अंगठा दोरीने बांधलेला. दुष्काळाने त्यांनाही सोडलं नव्हतं. आश्रुबाच्या ढिगापाशी ते उभे राहिले. आजूबाजूच्या हातोड्या थांबल्या.

"गुरुवारी देवळात ताट घिऊन ये. अर्ज मागं घ्यायचा दिस हाय."

"ताट शाळंत हाय," आश्रुबा म्हणाला. "पिंपावर झाकण म्हणून."

"मग दुसरं आण. ताटाचा काय तोटा हाय का?"

"दुसऱ्या ताटाचा भंडारा लागत न्हाई म्हनं. तुमच्या पोरानंच सांगितलं."

कुणीतरी हसू दाबलं. विठ्ठलराव हसले नाहीत. ते खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आश्रुबा, अकरा वर्षं गाव भांडलं न्हाई. ते तुज्यामुळं."

"व्हय. अकरा वर्षं मी बी तसंच समजत व्हतो."

विठ्ठलराव सरळ झाले आणि मुकादमाला काहीतरी सांगून गेले. दुसऱ्या दिवशीपासून गीताबाईची टोळी टेकडीवर लावली. तिथून दगड डोक्यावर घेऊन उतरायचं. संध्याकाळी तिची मान वळायची नाही. आश्रुबा तिच्यासमोर बसून राहायचा, त्याला तोंड वर करवत नसे.

"मामा, असं बसू नका," एक दिवस ती म्हणाली. "कडी आता दोन्ही हातांनी टाळ्या वाजवती. माज्या मानंचं काय एवढं."

त्या वर्षी डोंगराकडच्या वस्तीवरच्या गोरोबाने अर्ज भरला होता आणि तो मागे घेतला नाही. त्याच्यापुढे कुणी ताट धरलंच नाही. बीडहून मतपेटी आली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं सील गावासमोर लागलं. मतदान शाळेतच होतं. आडोसा आणायचा राहिला, असं पेटीबरोबर आलेले साहेब म्हणाले. गुरुजींनी कपाट उघडून हिरवं लुगडं काढलं आणि त्याच दोन खिळ्यांना बांधलं.

आश्रुबाचं नाव पुकारलं. बोटाला शाई लागली. हातात चिठ्ठी घेऊन तो लुगड्यामागे गेला.

आत गेला आणि उभा राहिला. लुगड्याला अजून पेटीतल्या वेखंडाचा वास होता. बायनाबाई कपड्यांच्या पेटीत घालायची ते. उन्हाने लुगड्याचा हिरवा रंग आतल्या सगळ्यावर पडला होता. चिठ्ठीवर, हातावर, बोटांच्या चिंध्यांवर. सडकेकडून हातोड्यांचा आवाज येत होता, पण लांबून. इथे कुणी नव्हतं. सत्तर वर्षांत माणसांनी भरलेल्या घरात, देवळात, शेतात तो राहिला होता. एवढा एकटा तो कधी नव्हता, आणि एवढं कुणीतरी आपल्याजवळ उभं आहे असंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

चिठ्ठीवर दोन चित्रं होती. त्याने ती डोळ्यांजवळ नेली नाही. हात लांब केला, तरी दोन्ही लख्ख दिसत होती. कडेची बारीक रेघसुद्धा.

"आजोबा, झालं का?" बाहेरून साहेबांनी विचारलं.

"व्हतंय," आश्रुबा म्हणाला. "जरा थांबा. बघतोय."